सिन्नर ते चांदवड : गोदाकाठची जुनी गावे, वाडे आणि मंदिरे

गोदाकाठ

नाशिकला येणारा पाहुणा पंचवटी, पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर पाहून परततो आणि आपण नाशिककरही सुट्टी मिळाली की बहुधा त्याच दिशेने किंवा गंगापूर धरणाकडे गाडी वळवतो. सिन्नर, निफाड, चांदवड हा पूर्वेचा पट्टा मात्र आपण लग्नकार्याच्या, बाजाराच्या किंवा शिर्डीच्या निमित्ताने ओलांडून जातो आणि तिथे थांबण्यासारखे काही असेल, हे मनातही येत नाही. या पट्ट्यातली जुनी गावे आणि वास्तू एका दिवसात गाडीने कशा पाहता येतील, हे इथे सविस्तर लिहीत आहे. जाणकारांनी भर घालावी.

माझे म्हणणे असे आहे की देऊळ किंवा वाडा त्याच्या गावापासून तोडून पाहू नये. गोंदेश्वर पाहून अर्ध्या तासात परत महामार्गाला लागणाऱ्याला सुंदर दगडकाम दिसते, पण एवढे मोठे मंदिर सिन्नरलाच का उभे राहिले असावे, हा प्रश्नच त्याला पडत नाही. पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी नेली, त्यापूर्वी सेऊणदेशाच्या यादवांचे मुख्य ठाणे सिन्नर होते. त्याहून मागे गेले तर या घराण्याच्या दृढप्रहार या मूळ पुरुषाचे चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सिन्नरहून चांदवडला जाणारा माणूस यादवांच्या दोन जुन्या ठाण्यांमधून प्रवास करत असतो आणि मधल्या गावांत त्याला पेशवाईतल्या सरदारांच्या खुणा भेटतात. हे मनात ठेवून निघाले की रस्त्यालाही अर्थ येतो.

नाशिकहून पुणे रस्त्याने उजाडताच निघावे. सिन्नर साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि गोंदेश्वराचे मुख्य मंदिर पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे कोवळे ऊन थेट त्याच्या दर्शनी भागावर पडते. काळ्या बेसाल्टच्या एका उंच, प्रशस्त चौथऱ्यावर मध्ये शिवमंदिर, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांना पार्वती, गणेश, सूर्य आणि विष्णू यांची लहान मंदिरे, अशी ही पंचायतन रचना आहे. येथे निदान दीड तास द्यावा. त्यानंतर गावातच असलेल्या ऐश्वरेश्वराच्या मंदिराकडे जावे. त्याचे शिखर राहिलेले नाही आणि म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत, परंतु गर्भगृहासमोरचे मकरतोरण, म्हणजे दोन मकरांच्या मुखांतून निघालेली कोरीव कमान, पाहिल्यावर इथल्या कारागिरांचा दक्षिणेकडच्या चालुक्यांच्या कलेशी किती जवळचा संबंध असावा, याची कल्पना येते. सिन्नरच्या जुन्या पेठेतून गाडी न नेता पायी फिरावे.

सिन्नरहून आतल्या रस्त्याने नांदूर मध्यमेश्वरला यावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा परिसर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला आणि पक्ष्यांसाठी तो सर्वांना माहीत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिथले मध्यमेश्वराचे मंदिर आणि सुवर्णमृगाच्या कथेशी जोडलेले मृगव्याधेश्वर महत्त्वाचे. तिथून निफाड, जिथे १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. पुढे विंचूर, पानिपतच्या मोहिमेत असलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे गाव. तिथून लासलगावमार्गे चांदवड आणि संध्याकाळी मुंबई-आग्रा महामार्गाने परत नाशिक. सगळे मिळून अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत बसते.

चांदवडसाठी दुपारचे किमान दोन तास राखून ठेवावेत. अहिल्यादेवी होळकरांच्या काळातला रंगमहाल बाहेरून एखाद्या गढीसारखा भक्कम आणि बंद वाटतो. आत शिरल्यावर मात्र कोरीव लाकडी खांब, महिरपी आणि भिंतींवरची चित्रे यांनी तोच वाडा अगदी वेगळा होतो. नाशिक जिल्ह्यात मराठेशाहीतले लाकूडकाम एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे पाहायला मिळत नाही, असे माझे मत आहे.

निफाडचा वाटसरू

गोदाकाठ, आपण आमच्या भागाची दखल घेतलीत याचा आनंद झाला. मात्र एक मोठे गाव आपल्या वाटेतून सुटले आहे आणि ते म्हणजे चांदोरी. नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने येताना निफाडच्या अलीकडे ते लागते आणि पलीकडच्या काठावर सायखेडा आहे.

चांदोरी हे हिंगण्यांचे गाव. महादेवभट हिंगणे हे मूळचे नाशिकचे, पेशव्यांचे तीर्थोपाध्याय. बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले त्या स्वारीबरोबर ते उत्तरेत गेले आणि पुढे त्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या दिल्ली दरबारात मराठ्यांचे वकील म्हणून राहिले. बादशहाच्या दरबारातल्या घडामोडी पुण्याला कळवणारी पत्रे ज्या घराण्याने लिहिली, त्याचा वाडा गोदावरीच्या काठच्या या शेतकरी गावात आहे, ही गोष्ट गावाबाहेर फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

दुसरे आकर्षण नदीच्या पात्रात आहे. चांदोरीजवळच्या पात्रात दगडी मंदिरांचा एक समूह आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा मागे येत असल्याने एरवी तो बराचसा पाण्यात असतो आणि उन्हाळ्यात किंवा बंधाऱ्यातून पाणी सोडल्यावर पात्र उघडे पडले की दिसू लागतो. गाळात रुतलेली जोती, झिजलेले खांब आणि कोरीव दगड त्या वेळी पायी जाऊन पाहता येतात. तेव्हा आपण सांगितलेली वाट हिवाळ्यासाठी उत्तम असली, तरी चांदोरीसाठी उन्हाळ्यात एक वेगळी सकाळ काढावी लागेल. गावात आधी विचारल्याशिवाय पात्रात उतरू नये. वरच्या धरणांतून पाणी सोडले की ते इथे पोहोचायला वेळ लागत नाही आणि गाळ कुठे खोल आहे, हे काठावरच्या माणसालाच ठाऊक असते.

आपण गाव आणि वास्तू एकत्र पाहण्याविषयी लिहिले आहे, त्याला चांदोरी-सायखेड्याइतके चांगले उदाहरण नाही. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत या दोन्ही गावांत पाणी शिरले होते. पुराच्या दृष्टीने पाहत फिरले तर जुनी घरे उंच जोत्यावर का आहेत आणि जोत्याचा दगड एवढा घडीव व सांधा एवढा घट्ट का ठेवला आहे, हे आपोआप समजते. दगडाच्या वर पांढऱ्या मातीचे बांधकाम सुरू होते, आणि माती पाण्यापासून जितकी दूर राहील तितके घर टिकते.

शिल्पवाचक

चर्चा चांगली चालली आहे. गोंदेश्वराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण अनेक जण तिथे जातात आणि नेमके कुठे पाहावे हे न कळल्याने गाभाऱ्यात हात जोडून परततात.

प्रथम चौथऱ्यावर न चढता थोडे दूर उभे राहून शिखराकडे पाहावे. चारही बाजूंनी खालपासून वरपर्यंत जाणारा एकेक सलग कोरीव पट्टा दिसेल. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या आहेत आणि वर जाताना त्या आकाराने कमी होत जातात. ही भूमिज शैली आहे. माळव्यात ती बहरली आणि महाराष्ट्रात अंबरनाथचे १०६० मधले शिवालय हा तिचा सर्वात प्रसिद्ध नमुना आहे. दगडी देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, पण हेमाद्री तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. गोंदेश्वर त्याच्या आधीचे आहे.

मग चौथऱ्याजवळ यावे आणि हत्तींच्या रांगेपासून सुरुवात करून नजर वर न्यावी. मंडपाच्या बाह्य भिंतीवर रामायणातले प्रसंग लहान आकारात कोरले आहेत, ते शोधण्यासाठी मंदिराला सावकाश प्रदक्षिणा घालावी लागते. आत गेल्यावर खांबांच्या मधल्या भागातले कोरीव काम हाताच्या अंतरावर असते. काही खांबांवरच्या मूर्ती वीतभरदेखील नाहीत, तरी कंबरपट्ट्याच्या कड्या मोजता येतात. डोळ्यांना अंधार सरावण्यासाठी आत काही मिनिटे नुसते बसून राहावे. मोबाइलचा प्रकाश समोरून टाकण्यापेक्षा एका बाजूने तिरपा धरला तर कोरीव काम उठून दिसते.

या वाटेवरच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी, जिच्यासाठी कुठलाही फलक नसतो. मारुतीच्या पारावर, वेशीजवळ किंवा ओढ्याच्या काठी उभे केलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. बहुतेक वीरगळ तीन किंवा चार चौकटींचे असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. सर्वात खाली लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई असतात, म्हणजे गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो पडला. त्यावर अप्सरा त्याला वर घेऊन जाताना आणि त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, त्याची कीर्ती आचंद्रसूर्य राहो म्हणून. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. शेंदराच्या थरांखाली हे सारे झाकलेले असते आणि अलीकडे तर ऑइल पेंटने रंगवलेलेही पाहायला मिळते. रंग खरवडण्याचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. तारेच्या ब्रशने शेंदराबरोबर कोरीव कामाच्या कडाही जातात आणि शिवाय तो गावाचा देव आहे.

माजघर

हा धागा मी शांतपणे वाचत होते, पण वाड्यांचा विषय निघाल्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही. मी चांदवड तालुक्यातल्या एका खेड्यात अशाच एका जुन्या वाड्यात राहते. तो कोणत्याही पुस्तकात नाही आणि कोणत्याही खात्याच्या यादीत नाही. अशा वाड्यांची संख्या रंगमहालासारख्या वास्तूंपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि फिरायला येणाऱ्या मंडळींना खरे तर तेच अधिक भेटतात.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते आणि आत काय असते, हे थोडे सांगते. मोठ्या दरवाज्यात एक लहान दिंडी असते आणि रोजची ये-जा तिच्यातूनच होते. वाकून आत यावे लागते. दरवाजा लावल्यावर मागे सरकवायचा अडसर भिंतीतल्या कोनाड्यासारख्या पोकळीत राहतो आणि आमच्याकडचा अडसर ओढायला अजूनही दोन माणसे लागतात. मग चौक, भोवती ओसरी, सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले सागवानी खांब, त्यांच्या माथ्याशी केळफुलाची नक्षी, आत माजघर आणि धान्याचे बळद. छताला तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, आणि त्यावर मातीचे धाबे, म्हणजे सपाट छप्पर. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी या धाब्यावर खारी माती टाकून ती चोपावी लागते. एका वर्षी ते राहिले की पाणी मुरते, कडी कुजते आणि मग भिंतीत पाणी उतरते. मातीची भिंत वरून भिजली की दगडी जोते कितीही मजबूत असो, ती बसते.

ही माती टाकणारी माणसे आता मिळत नाहीत, आणि मिळाली तरी वाड्याला सात-आठ वारसदार असतात. कुणी नाशकात, कुणी पुण्यात, कुणी परदेशात. खर्च कुणी करायचा हे ठरत नाही. सल्ला मात्र सगळे देतात, बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घ्या म्हणून. सिमेंटमुळे मातीच्या भिंतीतला ओलावा आतच कोंडला जातो आणि वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते, हे आमच्या गल्लीतल्या दोन घरांत पाहिले आहे. चुन्याचाच गिलावा हवा.

आणि मग जुने लाकूड विकत घेणारे येतात. एकेका खांबाचा भाव सांगतात, दरवाज्याची चौकट वेगळी, खांबाच्या माथ्यावर तुळईला आधार देणारे कोरीव हस्त वेगळे. वाडा उतरवून नेण्याची सोयही तेच करतात. आमच्या शेजारचा वाडा असाच गेला. पुढे शहराजवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो असताना त्यातले खांब स्वागतकक्षात उभे असलेले माझ्या सासूबाईंनी ओळखले, कारण एका खांबावर त्यांच्या लहानपणी झालेल्या आगीचा डाग होता. त्या तिथे जेवल्या नाहीत.

म्हणून पाहायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. जरूर या, पण दिंडीतून हाक मारून, विचारून आत या. दुपारी एक ते चार या वेळात शक्यतो येऊ नका, कारण तेव्हा शेतावरून आलेली माणसे आडवी झालेली असतात. ओसरीवर चपला काढा. देवघराचा आणि स्वयंपाकघराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि खांब केवढ्याला जाईल, हा प्रश्न गमतीनेही विचारू नका, कारण घरातल्या एखाद्याच्या मनात तो आधीपासून असतोच.

नवखा पांथस्थ

नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, नोकरीनिमित्त नाशिकला आलो आहे. पुढच्या महिन्यात आई-वडील येणार आहेत, दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि वडिलांच्या गुडघ्यांचा त्रास आहे. गाडी लहान आहे. गोदाकाठ यांनी सांगितलेली संपूर्ण वाट त्यांना झेपेल का? वडिलांना इतिहासाची मनापासून आवड आहे, त्यामुळे काही तरी दाखवावे, अशी फार इच्छा आहे.

बागलाणकर

गोदाकाठ आणि शिल्पवाचक यांच्या लेखनाबद्दल आदर ठेवूनच सांगतो, की चांदवडला थांबून माघारी फिरणे ही या जिल्ह्याची अर्धीच ओळख आहे. चांदवडच्या पुढे राहूड घाट उतरला की दुसराच मुलूख सुरू होतो.

महामार्गानेच मालेगाव ओलांडून पुढे गेले की झोडगे लागते. तिथले माणकेश्वराचे मंदिर आकाराने गोंदेश्वरापेक्षा लहान, पण शैली तीच भूमिज, आणि मागे उभा एकटा डोंगर. महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात आणि गावाच्या कडेला असलेले हे मंदिर पाहायला वळणाऱ्या गाड्या मोजक्याच. ज्यांनी सकाळी गोंदेश्वर पाहिले त्यांनी दुसऱ्या दिवशी झोडगे पाहिले, तर एकच पद्धत दोन ठिकाणच्या कारागिरांनी कशी हाताळली, हे ताज्या आठवणीने ताडून पाहता येते.

मालेगावचा भुईकोट तर नाशिककरांनी पाहिलाच पाहिजे, कारण त्याचा धागा थेट पंचवटीपर्यंत येतो. नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० च्या सुमारास मोसम नदीच्या काठी हा किल्ला बांधायला घेतला, आणि गोदाघाटावरचे रामेश्वराचे मंदिर, ज्याला आपण नारोशंकराचे मंदिर म्हणतो, तेही १७४७ मध्ये त्यांनीच उभारले. त्या मंदिराची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगिजांची घंटा म्हणून सर्वज्ञात आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. घंटा सर्वांना माहीत आहे, पण ती बसवणाऱ्या सरदाराचा किल्ला कुठे आहे, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. १८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजांना हा किल्ला घेण्यासाठी मोठा वेढा घालावा लागला आणि आतल्या अरब शिबंदीने कडवी झुंज दिली. आज तटाला चहूबाजूंनी वस्ती भिडली आहे आणि आत शाळा भरते. त्यामुळे तो पाहायचा तर शाळेची वेळ सांभाळून, परवानगी घेऊनच पाहावा.

आणि मुल्हेर. १६३८ मध्ये मोगलांनी जिंकेपर्यंत बागलाणच्या राठोड राजांचे हे मुख्य ठाणे होते. किल्ला चढायचा नसला तरी पायथ्याचे गाव आणि उद्धव महाराजांची समाधी पाहण्यासाठी जावे. कोजागिरीच्या रात्री तिथे रासक्रीडेचा उत्सव होतो आणि पूर्वापार चालत आलेली पदे रात्रभर गायली जातात. वास्तू गावाबरोबर पाहावी, असे आपण म्हणता. मग वास्तू ज्या दिवशी खऱ्या अर्थाने जागी असते, त्या दिवशी ती पाहावी, एवढे मी त्यात घालतो.

शिल्पवाचक

बागलाणकर, झोडग्याबद्दल पूर्ण सहमत. मात्र ते एका दिवसाच्या वाटेत कोंबू नये. चार मंदिरे धावत पाहण्यापेक्षा दोन मंदिरे पाहावीत.

नवखा पांथस्थ यांच्यासाठी मी एक वेगळी वाट सुचवतो, ती पश्चिमेची आहे. गोवर्धन आणि अंजनेरी. वडिलांना इतिहासाची आवड आहे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, भिक्षूंच्या खर्चासाठी कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. ज्या गोवर्धनात हा व्यवहार झाला, ते गाव गंगापूरच्या शेजारी आजही त्याच नावाने नांदते आहे. लेण्याच्या पायऱ्या वडिलांना जमणार नाहीत, पण गोवर्धनमधून गाडीने जाताना ही हकीकत त्यांना सांगता येईल.

अंजनेरी त्र्यंबक रस्त्यावर आहे. डोंगर चढायची काही गरज नाही. पायथ्याच्या गावाजवळ जैन आणि हिंदू मंदिरांचा समूह आहे आणि त्यातल्या एका मंदिरात ११४२ चा, सेऊणचंद्र या यादव राजाच्या काळातला लेख आहे. चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी दुकाने दान दिल्याचा त्यात उल्लेख आहे. दुकाने दान द्यायची तर बाजारपेठ हवी. आज भाताची खाचरे आणि टोमॅटोचे मळे दिसतात, त्या जागी बाराव्या शतकात चालती पेठ होती, हे त्या एका ओळीवरून कळते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माजघर ताई, आपण लिहिलेले वाचून बराच वेळ काही सुचले नाही. आपण परवानगी दिलीत तर आपल्या सूचना मी सोबत येणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी वाचून दाखवीन. वाड्यांच्या बाबतीत आणखी एक वाटते. पाहायला जाणाऱ्याने मालकांना विचारून फोटो काढावेत आणि त्यांचा एक संच छापून घरमालकांना द्यावा. कोणत्या खांबावर कोणती नक्षी होती, तुळई कशी टेकवली होती, चौकाची मापे काय होती, एवढी नोंद घरात राहिली, तर निदान दुरुस्ती करताना जुन्यासारखे करता येते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती पहिल्या शंभर मीटरांत बांधकामाला मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरांत नियंत्रण असते, तसे कोणतेही कवच या वाड्यांना नाही. त्यांची राखण घरमालकाच्या इच्छेवर आणि ऐपतीवर आहे, म्हणून पाहुण्याने त्या इच्छेला बळ येईल असे वागावे.

नवखा पांथस्थ, आपण अंजनेरीची वाट घ्यावी, हेच योग्य. वडिलांची प्रकृती ठीक असेल तर दुसऱ्या एखाद्या सकाळी फक्त सिन्नरला जावे. गोंदेश्वराच्या चौथऱ्याला पायऱ्या आहेत, पण त्या चढल्या नाहीत तरी आवारातून फिरत शिखर, हत्तींची रांग आणि नंदीमंडप व्यवस्थित पाहता येतात. चांदवडचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर दोन्हीकडे चढ आहे, ते या वेळी सोडून द्यावे.

बागलाणकर, आपला आक्षेप मला मान्य आहे. उत्तरेची वाट स्वतंत्रच हवी. चांदवडला मुक्काम, पहाटे धोडपच्या बाजूला असलेल्या धोडंब्याचे वटेश्वर मंदिर, मग मालेगाव आणि झोडगे, असा दुसरा दिवस ठरवता येईल. धोडपला १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव करून त्यांना ताब्यात घेतले होते. त्या डोंगराच्या सावलीत कोरीव शिवालय जपणारे धोडंबे हे गाव आपल्या विषयाला अगदी साजेसे आहे. मुल्हेरसाठी मात्र कोजागिरीचाच बेत करू. आपण तिकडचे असल्याने त्याची आखणी आपण करावी, अशी विनंती.

माजघर

माझ्या सूचना जरूर वाचून दाखवा. आमच्या गावात येणार असाल तर आधी कळवा म्हणजे वाडा आतून दाखवता येईल. भाकरी आणि पिठलेही होईल.

फोटोंची कल्पना चांगली आहे. आमच्या धाकट्या दिरांना वाडा उतरवायचा आहे. चौकाची मापे आणि खांबांचे चित्र कागदावर आले, तर घरात बसून बोलताना माझ्या बाजूला काही तरी हातात राहील.

निफाडचा वाटसरू

शेवटी वाटेची एक व्यावहारिक बाब. लासलगावात कांद्याचे लिलाव असतात त्या दिवशी सकाळपासून बाजार समितीच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि विंचूरहून चांदवडकडे निघालेली गाडी त्यांत अडकून पडते. गोदाकाठ यांच्या वाटेने जायचे असेल तर लिलाव बंद असलेला दिवस निवडावा. ते जमणार नसेल, तर वाट उलटी करावी. म्हणजे महामार्गाने सकाळी लवकर चांदवड गाठावे, तिथून दुपारी लासलगाव, विंचूर, निफाड करत नांदूर मध्यमेश्वरला यावे आणि उतरत्या उन्हात सिन्नर पाहून नाशिकला परतावे. गोंदेश्वरावरचे सकाळचे ऊन त्यात हुकते, परंतु मावळतीचे ऊन शिखराच्या मागच्या बाजूवर पडते आणि त्या बाजूची लता सकाळी सावलीत राहते. शिल्पवाचक आणि माजघर ताई यांना सोयीचे असेल, तर दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाल्यावर आपण याच उलट्या वाटेने एकत्र जाऊ. टेप, कागद आणि मापे घेण्याचे बाकीचे साहित्य मी घेऊन येतो.